कापसाच्या खोलीतलं ग्राफिक्स कार्ड

आमच्या घरात खोल्या तीन. एक स्वयंपाकाची, एक आईबाबांची आणि तिसरी माझी. म्हणजे दिवाळीपर्यंत माझी. वेचणी सुरू झाली की ती कापसाची. बाबा भाव चढायची वाट पाहतात आणि कापूस माझ्या खोलीत छताला टेकतो. पलंगापुरती जागा उरते, तिथं मी झोपतो आणि अंग खाजवतो. भरून ठेवलेल्या कापसाची खाज काय असते, ते ज्याच्या घरी कापूस आहे त्यालाच माहीत.

नेमका त्याच हिवाळ्यात मी कॉम्प्युटर घ्यायला निघालो. साधासुधा नाही, गेम खेळायचा, दणदणीत. कॉलेजात असल्यापासून दुसऱ्यांचे गाड्या पळवायचे खेळ मोबाइलवर नुसते बघत आलो होतो. आता खामगावात नोकरी होती, पैसा माझा होता आणि खेळातली चित्रं न अडखळता पळवणारं मोठं ग्राफिक्स कार्ड मला हवंच होतं. बाकीचे पार्ट त्याच्याभोवती जुळवत बसलो. हा प्रोसेसर त्या मदरबोर्डवर बसत नाही, कार्ड या कॅबिनेटमध्ये मावत नाही, मावलं तर पॉवर सप्लाय कमी पडतो. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "लोकं नवरी पाहाले इतके दिवस नाही लावत रे बापा!"

शेवटी सगळं जुळलं आणि घोडं अडलं पंख्यांवर. एवढं मोठं कार्ड तापतं. त्याला समोरच्या पंख्यांनी हवा ओढणारं जाळीचं कॅबिनेट लागतं. आणि माझ्या खोलीतली हवा कशी, तर खिडकीतून ऊन आलं की त्यात तंतूच तंतू तरंगताना दिसतात. टेबलफॅनच्या जाळीला आठवड्यात पांढरी दाढी येते. इंटरनेटवरच्या एका ग्रुपात विचारलं, तर एक शहाणा म्हणतो, आधी खोली साफ करा. अरे, कापूस म्हणजे काय केर आहे का? वर्षाची मेहनत आहे ती! चिडून फोन पलंगावर आपटला. पण तो बोलला ते खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं.

जेवताना बाबांनी विचारलं, "काऊन बे, तोंड पाडून बसला?"

"त्याले साफ हवा लागते बाबा. कापसाचे तंतू आत गेले तं कार्ड जळून जाईन."

बाबांनी वरणात भाकर कुस्करली. "मंग इकून टाकू काय कापूस?"

"आजिबात नाही! भाव पडेल हाये. आत्ता इकला तं पाहा मंग!"

विषय तिथंच संपला. दुसऱ्या दिवशी मी छोटं, कमी तापणारं कार्ड घ्यायचं ठरवून दुकानात गेलो. मन पार उतरलं होतं. दुकानदारानं छोटा डबा पुढं ठेवला, तेवढ्यात बाबांचा फोन. "मोठंच घे. खोली खाली केली."

आनंद कसला! विकला! माझ्या खेळापायी पडत्या भावात विकला! आता परत थोडाच येणार होता. मोठं कार्ड घेतलं, बाकीचे डबे घेतले आणि बसमध्ये ते मांडीवर धरून घरापर्यंत धुसफुसत आलो.

खोली झाडूनपुसून लख्ख. खिडकीखाली टेबल मांडलेलं. मी दारातूनच भडकलो, "बाबा, काऊन इकला?"

"कोन इकला?" बाबा म्हणाले.

आई हसायला लागली. तिनं त्यांच्या खोलीकडे हात केला. दार ढकललं तर अर्धंच उघडलं. आत कापूस, छतापर्यंत. आणि बाहेर ओसरीत, वारा लागू नये म्हणून एका बाजूला ताडपत्री बांधून, दोघांची अंथरुणं.

"एवढ्या थंडीत बाहेर झोपान तुमी?"

"हाव," बाबा म्हणाले. "आमालेबी साफ हवा पाह्यजे ना."

दिवसभर बाबांनी एकट्यानं कापसाची गाठोडी वाहिली होती. हातांवर कोपरापर्यंत लाल चट्टे उठले होते आणि ते कराकरा खाजवत होते. मला रडू फुटलं, आणि रडू फुटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

"जोड बे लवकर," ते म्हणाले. "गाडी कशी पयते, पाहू दे मले."

मी कार्ड बसवायला घेतलं. स्क्रू काही दिसेना.