निकाल खरा होता

साहेबांचा मी बावीस वर्षं स्टेनो. जिल्हा न्यायालयापासून हायकोर्टापर्यंत त्यांचे निकाल मीच उतरवून घेतले. एखादं वाक्य जड झालं की म्हणत, "खोडा ते. हरलेल्या माणसाला समजलं पाहिजे." सख्खा मेव्हणा वकील, म्हणून त्याच्या मुलीच्या लग्नालाही गेले नाहीत. बाईसाहेब एकट्या जाऊन आल्या आणि पंधरा दिवस अबोला धरला.

शेवटचा मोठा खटला धरणाचा. सात गावं उठणार होती. साहेबांनी निकाल तीनदा बदलून पाहिला, पण कायदा सरकारच्याच बाजूने होता. तसाच निकाल दिला आणि ते निवृत्त झाले.

चार महिन्यांत राज्यपालपदासाठी विचारणा झाली. बाईसाहेब म्हणाल्या, "एवढ्यात नको. वर्षभर जाऊ द्या."

"मी काय चोरी केलीय?"

मला विचारलं तेव्हा मी नुसतं अभिनंदन केलं. बाईसाहेबांचं पटत होतं, पण जीभ रेटली नाही.

राजभवनात मलाही सोबत नेलं. तिथे भाषणंसुद्धा तयार होऊन येत. "आता खोडायलाही काही उरलं नाही," साहेब हसून म्हणायचे.

दुसऱ्या वर्षी धरणग्रस्तांच्या वसाहतीतले एक मास्तर शाळेला खोल्या मागायला आले. अर्ज घेतल्यावर साहेबांना राहवलं नाही. "माझ्यावर राग असेल तुमचा."

"निकाल लागला तेव्हा नव्हता," मास्तर म्हणाले. "मी तो सगळ्यांना वाचून दाखवला होता. हरलो, पण समजलं होतं. मग तुमची नेमणूक पेपरात आली. आता लोक मला विचारतात, मास्तर, तो निकाल खरा होता का? काय सांगू?"

दुपारी साहेबांनी मला राजीनामा उतरवून घ्यायला सांगितला आणि टाइप होऊन आल्यावर फाडला. "आता सोडलं तर लोक म्हणतील, गुन्हा कबूल केला."

पाच वर्षांची मुदत तशीच पुरी केली. पद सुटल्यावर पहिल्याच आठवड्यात मला घेऊन वसाहतीत गेले. शाळेच्या नव्या खोलीत चाळीसएक माणसं जमली होती. साहेबांनी निकाल पहिल्यापासून समजावून सांगितला. शेवटी म्हणाले, "निकाल खरा होता. ते पद घेऊन मीच त्याला बट्टा लावला."

माणसं एकेक करून उठली. मास्तर गाडीपर्यंत पोचवायला आले. "आलात, बरं केलंत," म्हणाले. विश्वास बसला, असं मात्र म्हणाले नाहीत.