दुपट्ट्याखालचा डॉलर

जिनिंगमध्ये काम करणाऱ्याला कापूस चिकटतोच. भुवयांवर, चहाच्या कपात, घरी गेलं की उशीवरसुद्धा! किस्स्यांचंही तसंच आहे. कितीही झटका, दोन-चार अंगावर राहतातच. दारव्ह्याजवळच्या आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढून कापसाच्या गाठी बांधायच्या कारखान्यात, मी वीस वर्षं दिवाणजी आहे. हिशेब, चिठ्ठ्या, चहा आणि मालकांचा राग, सगळं माझ्याच टेबलावर येतं. पण ज्या हंगामात आमच्याकडे डॉलर आला ना, त्या एका हंगामाचे किस्से बाकीच्या एकोणीस वर्षांना भारी आहेत.

*

आमचे मालक बापूसाहेब. त्यांचे वडील बैलबाजारात दलाल होते, आणि तिथे भाव तोंडाने बोलायची पद्धत नव्हती. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकायचा आणि खाली बोटं दाबून आकडा सांगायचा. बापूंनी ती सवय कापसातही सोडली नाही. खांद्यावर दुपट्टा कायम!

त्या साली बांगलादेशातल्या एका सूतगिरणीने आमच्याकडे पाचशे गाठी मागितल्या. व्हिडिओ कॉल लावला. पलीकडचे साहेब छान हिंदी बोलत होते. माल पसंत पडला, एक पौंड कापसाला किती सेंट या आकड्यावर गाडी आली, आणि बापूंनी सवयीने मोबाईलवर दुपट्टा टाकून आत हात घातला.

पलीकडे एकदम अंधार. इकडे बापू बोटं दाबताहेत मोबाईलची! साहेबांना वाटलं, शेठ रागावले आणि तोंड फिरवून बसले. मिनिटभराने दुपट्ट्याखालून आवाज आला, "भाईसाब, नाराज मत होइए. पौंड पे एक सेंट और बढ़ा देते हैं."

बापूंनी शांतपणे दुपट्टा उचलला आणि मला म्हणाले, "पाय दिवाणजी, परदेशातबी चालते हे."

*

सौदा झाला, पण पैसे तीन महिन्यांनी, मार्चअखेर मिळणार होते आणि तेही डॉलरमध्ये. तेव्हा डॉलर महाग असला तर आम्हाला रुपये जास्त, स्वस्त असला तर कमी. हे कळलं आणि ऑफिसातल्या टीव्हीवरचे सिनेमे बंद झाले. बातम्या देणारी बाई पडलेल्या चेहऱ्याने सांगायची, रुपया घसरला. की बापू लगेच समोसे मागवायचे!

एकदा कापूस घेऊन आलेले एक रिटायर्ड गुरुजी हे पाहून भडकले. देशाचा रुपया पडतो आणि तुम्ही पार्टी करता, म्हणाले. बापूंनी त्यांच्यापुढे बशी सरकवली. "गुरुजी, रुपया उतरला म्हनून त्याइले आपला कापूस सस्ता पडला. नाही त दारव्ह्याले कोन इचारते?"

गुरुजींनी थोडा विचार केला आणि दोन समोसे खाल्ले.

समोशाला हात लावत नव्हते ते फक्त रामटेके. रामटेके आमचे ग्रेडर. चिमूटभर रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, दोन अंगठ्यांनी ओढून तंतूची लांबी सांगणार, आणि दोन दिवसांनी प्रयोगशाळेचा रिपोर्ट येऊन तेच सांगणार. बांगलादेशचा सौदा खरं तर त्यांच्या अंगठ्यांवरच आलेला. बापूंनी विचारलं, काहून खात नाही? तर म्हणाले, शुगर निघाली.

पुढच्या आठवड्यात रुपया सावरला. ऑफिसात सुतकी शांतता. मी पान खायला चौकात गेलो, तर रामटेके जिलबी खात उभे!

*

तेवढ्यात गाठी बांधायच्या प्रेसचा पंप गेला. तो बाहेरच्या देशातून मागवावा लागतो आणि त्याची किंमतही डॉलरमध्येच, मंगळवारी भरायची. ज्या डॉलरच्या नावाने आम्ही समोसे खात होतो, तोच आता उलटला. बापूंनी थेट बँकेत परकीय चलनाचं काम पाहणाऱ्या मॅडमना फोन लावला. "मॅडम, मंगळवारपुरता डॉलर खाली येते काय? बुधवारपासून चढला त चालते."

मॅडमनी विनंती नीट ऐकून घेतली आणि आम्हाला बँकेतच बोलावलं. मार्चअखेर येणाऱ्या डॉलरचा भाव आजच बांधून घ्या, त्यांनी समजावलं. पुढे डॉलर चढो की पडो, बँक ठरल्या भावानेच घेईल. बापूंना ते काही पटेना. "हा त सट्टा झाला."

"सट्टा तुम्ही आता खेळून राह्यले बापूसाहेब," मॅडम म्हणाल्या. "मी तुम्हाले त्याच्यातून बाहेर काढून राह्यली."

मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या! बापूंनी येणाऱ्या डॉलरपैकी निम्म्यांचा भाव बांधला आणि निम्मे मोकळे सोडले. परतताना जीपमध्ये त्यांची तक्रार एकच, की समोर माणूस नाही, हात नाही, हा कसला सौदा?

*

जिलबीचा उलगडा झाला तो रामटेक्यांनी मला हळूच विचारलं तेव्हा. "दिवाणजी, डॉलर उतरन काय हो?"

त्यांच्या मुलीला, प्रज्ञाला, अमेरिकेत प्रवेश मिळाला होता. तोही कापसाच्याच अभ्यासाला! पुढच्या खर्चाला शिष्यवृत्ती होती, पण पहिली फी मार्चअखेर डॉलरमध्ये भरायची होती. पत्र आलं त्या दिवशीच्या भावाने त्यांचे पैसे बरोब्बर पुरत होते. नोकरीतला फंड आधीच काढून झालेला. त्यानंतर डॉलर जेवढा चढला, तेवढी प्रज्ञा अमेरिकेपासून लांब गेली. मला खाल्लेला एकेक समोसा आठवला आणि फार वाईट वाटलं.

मी बापूंना सांगून टाकलं. त्यांनी लगेच पैसे देऊ केले, पण रामटेके फुकटचेही घेईनात आणि उसनेही घेईनात. बापू चिडून बाहेर गेले, वजनकाट्यापर्यंत फेरी मारली आणि खांद्यावरचा दुपट्टा हातात घेऊनच परत आले.

"मंग सौदा कर. डॉलर चढला त माह्या गाठीले फायदा, तुह्या फीले तोटा. फरक मी तुले देतो. उतरला त तू मले दे."

रामटेक्यांनी हातातली रुई खाली ठेवली. मग म्हणाले, "मंजूर. पन उतरला त म्या देईन. माफी नाही घेनार."

दोघांच्या हातांवर दुपट्टा पडला. बैलाचा सौदा मिनिटात होतो, हा काही संपेना. मी टेबलाशी खिळून उभा. शेवटी दुपट्टा उठला आणि दोघं कामाला लागले. संध्याकाळी मी मॅडमना फोन करून सगळं सांगितलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला असावा; म्हणाल्या, "अहो, मी हेच त समजावून राह्यली होती!"

त्या दिवसापासून रुपया पडो की सावरो, ऑफिसात समोसे आणि जिलबी दोन्ही येऊ लागली.

*

मार्चअखेर डॉलर चढलेलाच होता. बापूंनी रामटेक्यांच्या हातात पाकीट दिलं. ते न उघडताच रामटेके आणि मी बँकेत गेलो. फी पूर्ण गेली, एक रुपयाही कमी पडला नाही. रामटेक्यांनी पावती दोनदा वाचली आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली. मला तर तिथेच नाचावंसं वाटलं!

पण मी पडलो हिशेबाचा माणूस. फरक काढायचा तर आधी ठरलेला भाव पाहिजे. तो कुठे लिहिलेला नाही, मला कोणी सांगितलेला नाही. बापूंना विचारलं, तर म्हणाले की दुपट्ट्याखालचं सांगत नसतात.

मग मी रामटेक्यांना गाठलं. ते रुईच्या ढिगाजवळ उभे होते. काही न बोलता त्यांनी माझा हात पुढे ओढला, खिशातला रुमाल काढून त्यावर टाकला आणि म्हणाले, "हा भाव ठरला होता."

मी डोळे मिटून बोटं मोजायला तयार झालो. त्यांनी एकही बोट दाबलं नाही. बापूंनी त्या दिवशी त्यांचा धरला असेल तसा माझा अख्खा हात त्यांनी मुठीत धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही.