कौलावर फेकलेली दाढ

मी संशयी आहे. कबूलच करून टाकते, कारण घरातल्यांनी ते इतक्यांदा तोंडावर म्हटलंय की आता नाकारण्यात अर्थ नाही. बाजारात मी तराजूच्या काट्याकडे बघत नाही, माणसाच्या अंगठ्याकडे बघते. दुधात पाणी नाही म्हणून कुणी गळ्याची शपथ घेतली की मला हमखास वाटतं, आहे. आमचे मालक म्हणायचे, "तुला देव भेटला ना, तरी तू आधी त्याचं रेशनकार्ड मागशील." मागीनच. त्यात काय चुकलं?

तर ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. आम्ही बोरी बुद्रुकला राहायचो, पोरगी दुसरीत होती. एक दिवस शाळेत दातांचं शिबिर झालं. जुन्नरहून एक तरुण डॉक्टर आले, अंगात पांढरा कोट, हातात बॅटरी आणि एवढासा आरसा. पोरांना ओळीनं उभं करून "आ कर, आ कर" करत त्यांनी तासाभरात सगळी शाळा उरकली, आणि माझ्या पोरीच्या हातात चिठ्ठी दिली. खालची उजवीकडची शेवटची दाढ किडायला लागली आहे, दाढ कायमची आहे, लवकर भरून घ्यावी, दवाखान्यात आणावे.

मी ती चिठ्ठी तीनदा वाचली. कायमची? सात वर्षांच्या पोरीची दाढ कायमची? तिचे पुढचे दोन दात तेवढे पडले होते. ते आम्ही रीतीप्रमाणे शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर फेकले होते, नवा दात दे म्हणून सांगून, आणि नवे आलेही होते, चांगले फावड्यासारखे. मागची एकही दाढ पडलेली नव्हती. जी पडलीच नाही तिच्या जागी कायमची कुठून येईल? आधी पडतो, मग येतो तो कायमचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि फुकट तपासायला आलेला माणूस "दवाखान्यात आणावे" असं का लिहितो? मला सगळा डाव लख्ख दिसला. इथं दाणे टाकायचे आणि जुन्नरला कोंबड्या धरायच्या.

तरी मी शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, "दुधाची हाय गं ती. पडंल आपोआप. पडणाऱ्या दाताला कोण भरतं व्हय?" अगदी माझ्या मनातलं बोलली. चिठ्ठी चुलीत गेली.

दिवाळीनंतर पोरगी गालाला हात लावून शाळेतून यायला लागली. भाकरी एका बाजूनं चावायची, गार पाणी प्यायली की कळवळायची. लवंग झाली, मिठाच्या पाण्याच्या चुळा झाल्या. मग मी तिला आमच्या चुलत सासूबाईंकडे नेलं. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे, पोरगी आजी म्हणायची. दातातली कीड काढण्यासाठी आसपासच्या चार गावांतून लोक त्यांच्याकडे यायचे.

त्यांची पद्धत अशी. रविवारी सकाळी, तोंडात अन्नाचा कण न घेता जायचं. पितळी परातीत पाणी, त्यात पालथी वाटी, वाटीवर तापवून लाल केलेला लोखंडाचा तुकडा. त्यावर त्या तेलात घोळवलेल्या रिंगणीच्या बिया टाकायच्या. रिंगणी म्हणजे ती बांधावर, वाटेवर उगवते ती काटेरी, पिवळ्या फळांची. बिया चरचरल्या की वर बुडाला भोक पाडलेलं गाडगं पालथं घालायचं, भोकात पपईच्या देठाची नळी खोचायची आणि नळीचं दुसरं टोक दुखऱ्या दाढेशी. धूर दाढेत जातो, किडा गुदमरतो, नळीतून खाली येतो आणि परातीत पडतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढी संशयी बाई तू, इथं कशी फसलीस? सांगते. आत्याबाई सुपारीचं खांडसुद्धा घ्यायच्या नाहीत. रविवारचा उपास करून दुसऱ्याच्या पोराची लाळ पुसायच्या. ज्या माणसाला काही मिळवायचंच नाही, तो खोटं कशाला बोलेल? माझ्या संशयाची सगळी मांडणीच तशी होती. आणि गाडगं उचललं तर पाण्यात पाच किडे तरंगत होते! पांढरे, बारीक, वळलेले. मी स्वतःच्या डोळ्यांनी मोजले.

दोन-चार दिवसांनी ठणका खरंच थांबला. मी गावभर सांगत सुटले, बघा, म्हणे भरून घ्या. मला फार बरं वाटलं होतं तेव्हा. दाढेपेक्षा त्या डॉक्टरला हरवल्याचं जास्त वाटलं, हे आता सांगायला लाज वाटते.

पोरगी तिसरीत गेली आणि पावसाळा सरता सरता एका सकाळी तिचा गाल हा एवढा सुजलेला. अंगात ताप. रविवारच होता. पुन्हा आत्याबाई, पुन्हा परात. ह्या खेपेला आठ किडे निघाले. आत्याबाई म्हणाल्या, "लई पोखारली व्हती गं. आता बघ, निर्धास्त ऱ्हा."

आठ? मी घरी आले, पण माझं डोकं त्या आकड्यावर अडकलं. गेल्या वर्षी पाच काढले. आता आठ. एवढीशी दाढ, तिच्यात आठ जण राहतात कुठं? आणि पाण्यात तरंगतात सगळे एकाच मापाचे, लहान नाही, मोठा नाही. कुटुंबात पोरंबाळं असतात की नाही?

मी उठले. बांधावरून रिंगणीची चार फळं तोडून आणली, काटे टोचले त्याचंही भान नव्हतं. बिया काढल्या, तेलात घोळवल्या. परात मांडली, विळ्याचं तुटकं पातं लाल केलं, जुन्या गाडग्याला भोक पाडून नळी खोचली. नळीचं टोक कुणाच्याही तोंडात दिलं नाही, तसंच हवेत ठेवलं. धूर संपल्यावर गाडगं उचललं.

किडे होते. अकरा.

बी तडतडून फुटलं की आतला कोंब उडून पाण्यात पडत होता, एवढीच ती कीड. अगं बाई गं! मला पहिल्यांदा हसू आलं आणि लगेच इतका संताप आला की ती परात मी तशीच दोन्ही हातांत धरून, पाणी सांडत, आत्याबाईंच्या ओट्यावर नेऊन आदळली.

"आत्याबाई, हे किडे कुणाच्या दातातले, सांगा."

त्यांनी वाकून बघितलं. "कुणाच्या?"

"कुणाच्या न्हाई. माझ्या परातीतले. नळी हवेत व्हती."

त्यांना पटेना. त्या आत गेल्या, आपल्या हातानं सगळं मांडलं, नळीला तोंड न लावता बिया टाकल्या. मी समोर बसून राहिले, कारण मला त्यांचा हात धरायचा होता, काही लबाडी करतात का ते बघायचं होतं. त्यांनी गाडगं उचललं आणि पाण्याकडे बघत राहिल्या. मग एका बोटानं एक कोंब उचलून तळहातावर घेतला.

"मला माझ्या सासूनं शिकवलं," त्या म्हणाल्या. "मी आजपातूर रिकामं कधी करून बघितलंच न्हाई. कशाला बघीन?"

त्यांच्या तोंडात खालचे तीन दात उरले होते. लबाड बाईनं निदान स्वतःचे तरी वाचवले असते. मी माझी परात उचलली. त्याच म्हणाल्या, "पोरीला उद्याच्या उद्या जुन्नरला घेऊन जा. थांबू नको."

नारायणगावला गाडी बदलून आम्ही जुन्नरला पोचलो. दवाखान्यात तेच डॉक्टर होते, शिबिरातले. त्यांनी मला ओळखायचं कारण नव्हतं, पण मला उगाच वाटलं की ओळखलं. त्यांनी पोरीचं तोंड बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि विचारलं, "हिला चिठ्ठी दिली नव्हती का?"

मी म्हटलं, "दिली असंल. पण दुधाच्या दाढेला भरून काय करायचं?"

त्यांनी मला जवळ बोलावलं, आरसा धरला आणि पोरीच्या दाढा पुढून मागं मोजून दाखवल्या. "ह्या दोन दुधाच्या. त्या पडतील. ही त्यांच्या मागची. ही सहाव्या वर्षी येते, कुठलाही दात न पडता, रिकाम्या जागेत मुकाट उगवते. म्हणून आईबापांना कळतच नाही. ही पडली तर हिच्यामागून कुणी येत नाही."

"आता भरा की मग."

"आता मुळाशी पू झालाय. वरची भिंत राहिलेली नाही. शिबिराच्या वेळी आणली असती तर अर्ध्या तासाचं काम होतं."

मला तेव्हाही पटलं नाही. खोटं का सांगू? मी त्यांना उलटे प्रश्न घालायला सुरुवात केली. दाढ काढली की डोळा अधू होतो ना? नाही होत, ते म्हणाले, खालची काढा नाहीतर वरची. मग आमच्या सासऱ्यांची नजर गेली ती? त्यांचं वय किती होतं? सत्तर. मग वयानं गेली. बरं, मशीननं दात साफ केले की हलायला लागतात ते? आधीच हललेले असतात, घाणीनं धरून ठेवलेले असतात, घाण काढली की कळतं. मग दुधाचे दात पडणारच असतात, ते किडले तर किडू द्यावेत की? तोपर्यंत पोरानं जेवायचं कशानं? आणि खालून येणाऱ्या कायमच्या दातांची जागा कुणी राखायची?

माणूस कुठंच अडकेना. शेवटी त्यांनीच विचारलं, "तुम्ही मशेरी लावता का?"

"तुमाला काय करायचंय?"

"बोलताना दिसलं. तुम्हीही एकदा तपासून घ्या."

मी तोंड मिटलं. इंजेक्शनच्या सुईचं पाकीट मात्र माझ्यासमोर फोडायला लावलं.

औषधानं सूज उतरल्यावर पाच दिवसांनी दाढ काढली. पोरगी रडली नाही. माझं बोट इतकं घट्ट धरलं होतं की नख रुतलं. डॉक्टरांनी दाढ कापसात गुंडाळून दिली. घरी आल्याबरोबर पोरगी गोठ्यात गेली, स्वतः शेण आणलं, गोळा केला, दाढ आत दाबली आणि अंगणात उभी राहून सगळा जीव काढून कौलावर फेकली. "नवी दाढ दे," ओरडली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आई, किती दिवसांत येईल?"

मी म्हटलं, "येईल."

तो शब्द माझ्या तोंडून कसा गेला, मला माहीत नाही. तिच्या गालात कापूस होता, हाताला शेण होतं. मला धीर झाला नाही.

त्यानंतर रोज सकाळी ती आरशात तोंड उघडून बोट फिरवायची. आत्याबाईंना विचारून आली, त्या म्हणाल्या तुझ्या आईला विचार. पुन्हा दाखवायला जुन्नरला गेलो तेव्हा ती खुर्चीत चढायच्या आधीच डॉक्टरांना म्हणाली, "नवी कधी येणार?" डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मग त्यांनी तिला खरं ते सांगितलं.

परतीच्या गाडीत तिनं एकदाच विचारलं, "मग तू येईल का म्हणालीस?" मला तिथं सगळ्यांसमोर रडू आलं. तिला नाही आलं.

पुढं चार-पाच महिन्यांनी तिचा वरचा एक दात हलून पडला. खरोखरचा दुधाचा, मी बघितला. मी गोळ्यासाठी शेण घेऊन आले. तिनं दात मुठीत धरून ठेवला, मला दिला नाही.

"आधी डॉक्टरांना दाखवू," ती म्हणाली. "दुधाचा हाय म्हणाले तर फेकू."

मी हात धुतले आणि नारायणगावच्या गाडीची वेळ विचारायला फाट्यावर गेले.