उरलेली बोटं सांगा

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पत्रा कापताना बोटं गमावलेल्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. निवृत्त झाल्यावर लोक हास्यक्लबात जातात, मी इथं शिरलो. ग्रुप चालवणाऱ्याला मी कधी पाहिलं नाही. टाइप करणं जमत नसल्यानं तो बोलूनच निरोप पाठवायचा. कुणी खचला की त्याचा मराठवाडी आवाज यायचा, "रड भावा, पण जेवून रड."

तिथं नाव नाही, उरलेली बोटं सांगायची असतात. मी लिहिलं, "दहा."

लगेच त्याचा आवाज आला, "काका, मग हितं काय हवा खायला आलात?"

मी सुपरवायझर होतो. माल जास्त निघावा म्हणून, हात आत गेला की मशीन थांबवणारे सेन्सर मीच बंद करायला लावायचो. अपघाताच्या कागदावर 'कामगाराची चूक' असं लिहायचो आणि सुरक्षेची शपथही मीच द्यायचो. हे सगळं ग्रुपवर लिहिलं.

शिव्या आल्या, भरपूर आणि रास्त. मग ग्रुप चालवणारा बोलला, "काढू नका रे त्यांना. काका, लेबर ऑफिसला द्यायचे आमचे जबाब तुमीच लिव्हा. या टायमाला खरं लिव्हा."

पहिला जबाब आमच्याच कारखान्यातल्या एकाचा निघाला. 'अपघाताचं कारण' या रकान्यात मी माझं पूर्ण नाव लिहिलं.