वकीलमावशी आणि माझा चेहरा

वकीलमावशी करारपत्र वाचताना हसायची. विनोदी पुस्तक वाचताना लोक हसतात तशी, चष्मा काढून, डोळे पुसत. पापडीतल्या तिच्या वाडीत शिरताना आतून हसणं ऐकू आलं, की आई म्हणायची, "आज कुणाच्या तरी फ्लॅटचं ॲग्रीमेंट आलेलं दिसतंय."

ती आईची शाळेपासूनची मैत्रीण. वसईच्या कोर्टात आयुष्यभर वकिली केली आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर घरीच लोकांचे कागद बघू लागली. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायची, "त्या करारात बाहेर पडायचं कलम कुणी नीट लिहीत नाही गं."

कागद ती स्वतः वाचत नसे. ज्याचा कागद त्याने वाचायचा, तोही मोठ्याने. "इंग्रजीत वाच आणि मराठीत सांग. आईसमोर सांगायला जीभ अडखळली, तर कलम वाईट," ही तिची परीक्षा.

ती परीक्षा मी दिली तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. वसईतल्या एका साडीच्या दुकानासाठी मी हौसेने फोटो काढून घेतले होते. ते बघून अंधेरीच्या एका मॉडेलिंग एजन्सीने बोलावलं, कौतुक केलं आणि करार हातात ठेवला. सोमवारपर्यंत सही हवी होती. गोखिवऱ्याच्या आमच्या सोसायटीत पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. बाबा मात्र म्हणाले, "सहीआधी मावशीकडे जाऊन या."

मी मावशीच्या ओटीवर, आईशेजारी बसून वाचायला लागले. एजन्सी मला काम मिळवून देण्याचा प्रयत्न करेल. मावशी खुदकन हसली. "आणि तुझ्या वाट्याला काय?"

"मला दिलेलं प्रत्येक काम करावंच लागेल."

"म्हणजे तू करायचंस आणि त्यांनी प्रयत्न करायचा! पुढे?"

पाच वर्षं दुसऱ्या कुणाचं काम घ्यायचं नाही. फोटो त्यांच्याच फोटोग्राफरकडून, माझ्या खर्चाने. त्यांना करार कधीही मोडता येईल, मला नाही. मावशीला हसून हसून ठसका लागला. मला तिचा राग आला होता.

मग मी पुढचं कलम वाचलं आणि मराठीत सांगायला लागले. "माझा चेहरा, आवाज आणि शरीर कॉम्प्युटरवर हवं तसं बदलून... हव्या त्या जाहिरातीत... करार संपल्यावरही कायम..." आईने हातातला कप खाली ठेवला. "माझी परवानगी न विचारता," एवढं कसंबसं म्हणून मी थांबले.

मावशी हसत नव्हती.

"पण मावशी, असा चान्स परत नाही यायचा," मी रडवेली होऊन म्हटलं.

"मॉडेल हो की. नको कोण म्हणतंय? फोन लाव आणि ही कलमं बदलून माग. सरळ माणूस असेल तर बोलायला तयार होईल."

"तू बोल ना."

"चेहरा माझा आहे का?"

मी स्पीकरवर फोन लावला. आधी तो माणूस गोड बोलला. सगळ्याच मुली हेच साइन करतात, नुसती फॉर्मॅलिटी आहे, म्हणाला. चेहऱ्याचं कलम काढा म्हटल्यावर मात्र आवाज बदलला. "तेरे जैसी पचास लडकियां लाइन में खडी हैं."

"मग त्यांच्यातली घ्या," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

वाटलं होतं, आता हमसून रडू येईल. आली ती भूक. छातीवरचा धोंडा उतरला म्हणजे काय, ते त्या दुपारी कळलं. मावशीने वाडीतली केळी सोलून शिकरण केलं आणि मी पोळ्यांवर पोळ्या खाल्ल्या.

वर्षभराने तुळिंजच्या सायलीची ओळख झाली. तिने त्याच एजन्सीत सही केली होती. तिचा चेहरा कर्ज देणाऱ्या कुठल्याशा ॲपच्या जाहिरातीत खळखळून हसत होता, तोही तमिळमध्ये. तिने ती जाहिरात कधी केलीच नव्हती. मी तिला पापडीला घेऊन गेले. मावशीने गुडघ्यांना पट्टे बांधून कोर्टाचे जिने पुन्हा चढायला सुरुवात केली आणि ती जाहिरात उतरवूनच थांबली. त्या दिवशी सायली तिच्या गळ्यात पडून रडली. "चेहरा परत मिळाला ना? धू तो आता," मावशी म्हणाली.

मला पुढे कामं मिळाली, छोट्या पण सरळ माणसांची. गेल्या वर्षी मावशी सांगलीला भाचीकडे कायमची राहायला गेली. जायच्या आदल्या दिवशी मी नवा करार घेऊन तिच्याकडे गेले. सामान बांधून झालं होतं, एक आरामखुर्ची तेवढी उरली होती. मी वाचत गेले, मराठीत सांगत गेले. एका ओळीपाशी अडखळले. "मावशी, हे चालेल का गं?"

मी वर बघितलं. मान कलती करून ती गाढ झोपली होती.

मी पेन काढलं, ती ओळ खोडली, शेजारी माझी आद्याक्षरं लिहिली आणि तिची झोप मोडणार नाही अशा बेताने पान उलटलं.