दिराच्या पोटातला भात

माझा दीर पुढारी होता. रात्री जेवून तो ओटीवर झोपला, पण उठून कधी गेला ते कोणालाच कळलं नाही. निवडणुकीच्या तोंडावर त्याला कोणीतरी वाडीच्या वाटेवर मारलं.

त्याच्या पोटात भात आणि सुकट निघाली. एक डॉक्टर म्हणाला, हे रात्रीचं जेवण, म्हणजे मध्यरात्रीच मेला. दुसरा म्हणाला, सकाळी. पोलिसांनी धरला होता आमचा शेजारी, दुसऱ्या पक्षाचा. पहाटेपासून तो वाणगावच्या बाजारात सगळ्यांसमोर होता, पण रात्रीची साक्षीदार फक्त त्याची बायको. तिचं कोण ऐकतो!

चौकशीचे साहेब मला म्हणाले, “आजी, तुमचे दीर सकाळपर्यंत जिवंत असते, तर त्यांनी चहा-चपाती खाल्ली असती ना?”

“चपाती? सकाळी आम्ही रात्रीचाच भात-सुकट खातो. दीर तर पहाटे टोप पुसून जायचा, झाकणही ठेवत नसे.”

“त्या दिवशी?”

“टोप रिकामा होता. मी मांजरीला झाडूने बडवलं.”

“मग मांजरीनेच खाल्लं असेल.”

“वाटीतल्या लोणच्यासकट, साहेब?”

साहेबांनी हसू दाबून लिहून घेतलं.

डॉक्टर अजून भांडतात. शेजारी मात्र सुटला. त्याची बायको आता आमच्या मांजरीला रोज बोंबील घालते. मला एकही नाही.