दाजी आणि झरीच्या वाटेवरचा मठ

आमच्या दाजींनी परभणीत जेवढी माणसं दम धरून ताठ बसवली, तेवढी निजामाच्या पोलिसांनीसुद्धा बसवली नसतील. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, धंद्याने फोटोवाले. मोगलाई गेली, झेंडा बदलला, पण दाजींच्या दुकानातली खुर्ची, कागदी फुलं आणि मागचा राजहंसाचा पडदा काही जागचा हलला नाही. गिऱ्हाइकाला घालायला एकच काळा कोट. परभणीतले निम्मे जावई आजही भिंतीवर त्याच कोटात लटकलेले आहेत. काम करताना माणसाचा फोटो काढणं दाजींना पाप वाटे. एकदा एक धनगर म्हणाला, मेंढरांसंगं काढा. दाजी कडाडले, "मेंढरं भाईर! इज्जतीत बस जरा." बिचारा बसला, पण फोटोत त्याची नजर दाराकडेच लागलेली आहे.

अशा माणसाला झरीच्या वाटेवरच्या ख्रिस्ती मठाने बोलावलं! तिथे पाच म्हाताऱ्या सिस्टर राहत. पहाटे प्रार्थना, मग दुपारपर्यंत मौन पाळून शेणघाण, विहीर, भाकऱ्या आणि दारी येणाऱ्यांची मलमपट्टी. त्यांचा मोठा मठ दूर समुद्राकाठी. तिथल्या वरिष्ठांना वाटू लागलं होतं की या तिकडे नुसत्या बसून खातात, मठ बंदच करावा. रोजचं जगणं फोटोत दाखवा, मग ठरवू, असा त्यांचा निरोप होता. दाजी बैलगाडीत खुर्च्या घालून निघाले. पडदाही घेतला, हो! पाचीजणींना हातपाय धुवायला लावून राजहंसापुढे रांगेत बसवलं. मौनाची वेळ, त्यामुळे कुणाला नको म्हणता आलं नाही.

पाचीजणींतल्या मोठ्या मदर मूळच्या वसईकडच्या, पण बोलणं पक्कं झरीचं. फोटो पाहून म्हणाल्या, "भाऊ, लय झकास हायत. पर ह्यात आमी बसलेल्याच दिसायलोत की ओ!"

दाजींचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या खेपेला अक्काने पडदा लपवूनच ठेवला. या वेळी दाजी मठाच्या ओसरीवर मुक्कामाला राहिले आणि 'हनुवटी वर' हे शब्द गिळून जे दिसेल ते टिपत गेले. पोहरा ओढताना ताणलेली मान, भाकरीच्या पिठातली भेगाळलेली बोटं, एका गुराख्याच्या जखमेवर वाकलेली म्हातारी पाठ. जन्मभर दाजींची टिंगल करणारा मी, ते फोटो पुन्हा पुन्हा बघत बसलो. इतकं सुंदर काम त्यांनी आधी केलं नव्हतं, नंतरही नाही.

फोटो गेले, निरोप आला. या वयात एवढे कष्ट वरिष्ठांना बघवेनात म्हणे! पाचीजणींनी विश्रांतीला परत यावं, मठ बंद. घ्या! आळशी म्हणून बंद होणार होता, तो कष्टाळू म्हणून झाला.

स्टेशनवर दाजी मान वर करीनात. "माझ्यापायी झालं, मदर."

"येडे का काय ओ, भाऊ," त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांत आमच्याकडं एवढं निरखून कुणी बघितलंच न्हाई."

गाडी सुटली. फलाट रिकामा झाला. मी म्हणालो, "चला दाजी, अक्का जेवायची थांबली असेल."

"थांब की रे," दाजी म्हणाले. "अजून धूर दिसायलाय."